मुंबईत मुद्रित झालेले तारब

मुंबईतील जुन्या ध्वनिमुद्रणांवरचा रविवार पुरवणीतील लेख माहितीपूर्ण आहे. मात्र त्यात सिती बिंती साद यांचा उल्लेखही नसावा, हे खटकले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांजीबार बेटावरील फुंबा गावच्या या गायिकेने १९२८ मध्ये मुंबईत येऊन एचएमव्हीसाठी स्वाहिली गाणी ध्वनिमुद्रित केली. तेथील सुलतानाच्या दरबारात अरबीतून गायले जाणारे तारब हे संगीत त्यांनी सामान्यांच्या स्वाहिली भाषेत आणले. पुढे शाबान रॉबर्ट यांच्यासारख्या थोर स्वाहिली साहित्यिकाने त्यांचे चरित्र लिहिले. स्वाहिली संगीताचे अभ्यासक या मुंबईवारीची नोंद आवर्जून घेतात. आपण मात्र शहराचा ध्वनिइतिहास सांगताना हिंदी-मराठी (फार तर पारशी नाटकांच्या) तबकड्यांपाशीच थांबतो. पुढील लेखात ही उणीव भरून काढावी.

– एक वाचक, दादर