मानेतल्या नळीची गोष्ट

लातूर, रविवार

प्रिय बाळू,

परवा तुझा फोन उचलला नाही, कारण मी सोनोग्राफीच्या टेबलावर आडवा होतो. हसू नको लेका. पोटाची नाही, मानेची. दारावर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी, बाकावर सगळ्या गरोदर बाया, अन् त्यात मी एकटा गडी!

बीपीची गोळी बारा वर्षांपासून चालू आहे. चालू म्हणजे काय, सोयाबीनच्या राशीत महिनाभर डबी उघडलीच नव्हती. परत दाखवायला गेलो तर १६८ वर ९८. म्हटलं, डॉक्टर, मला त्रास तर काहीच नाही. ते म्हणाले, "हा आकडा आजचा. मागच्या बारा वर्षांचा हिशोब मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीत बघू."

खांद्याखाली उशी, तोंड भिंतीकडं, मानेवर गार जेल. पडद्यावर काळी पट्टी दिसली, म्हणजे रक्त. तिच्या कडेला दोन पांढऱ्या रेघा. त्या दोहोंतलं अंतर म्हणजे आतल्या दोन थरांची जाडी. ०.९ मिलिमीटरच्या वर गेली की जाड धरतात. वयानंही थोडी वाढतेच. उजवीकडं ०.८ निघाली. डावीकडं कंठाच्या वरच्या अंगाला जिथं नळीला दोन फाटे फुटतात, तिथं मात्र भिंतीला फुगवटा. १.९! दीडच्या वर गेलं की त्याला प्लाक म्हणतात. मग बटण दाबलं तर माझंच रक्त सूं सूं करत वाजायला लागलं. वेग ठीक होता, म्हणजे वाट अरुंद झालेली नाही.

फाट्यावरच काहून? तिथं धार मंदावते, भोवरे होतात. पाटाच्या वळणावर गाळ बसतो तसं समज. मी विचारलं, ठिबकच्या नळ्यांत ॲसिड सोडतो तसं काही सोडून हे धुता येईल का? डॉक्टर खो खो हसले. म्हणाले, हा गाळ क्षारासारखा नळीच्या आत चिकटलेला नाही, भिंतीच्या पोटात आहे. वाढलेल्या दाबानं अस्तर दुखावतं, त्यातून चरबी आत शिरते. ती गाठ फुटली तर त्यावर रक्त गोठतं, अन् गुठळी मेंदूत गेली की लकवा. आपल्या तात्यांचं तोंड वाकडं झालं होतं, आठवतं?

आता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, सुरू केलीय, बीपीची गोळी बदललीय, अन् पापडाचा डबा हिनं माळ्यावर टाकलाय. ठेच्यावरून अजून वाद चालू आहे.

तू मात्र हे वाचून उद्याच मान तपासायला पळू नको. काही लक्षण नसताना सरसकट ही तपासणी करू नये असंच तज्ज्ञ सांगतात. नसती शंका निघाली की पुढच्या तपासण्या, नाहीतर ऑपरेशन, अन् त्या ऑपरेशनमध्येही लकव्याचा धोका असतोच. माझ्या बाबतीत स्टॅटिन द्यायची का नाही यावर डॉक्टर अडले होते, म्हणून केली. तुझं तर साधं बीपीच दोन वर्षांत कुणी मोजलेलं नाही!

पुढच्या रविवारी येतोय, मशीन घेऊन. मी यायच्या अर्धा तास आधीपासून चहा नको अन् बिडी तर नकोच. वहिनींना विचारणार आहे.

तुझा,
दिगू