कर्जाच्या अर्जावर कमावती, सरकारच्या पाहणीत गृहिणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशातल्या महिलांचा श्रमशक्तीतला सहभाग वाढल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी तेवीस काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या, २०२३-२४ मध्ये त्या जवळपास बेचाळीस झाल्या. म्हणजे अठ्ठावन्न जणी अजून ‘श्रमशक्तीबाहेर’ आहेत. त्या अठ्ठावन्नांत माझी नोंद आहे आणि मी गेली एकोणीस वर्षे रोज शिलाई मशीनवर बसते.

दोन वर्षांपूर्वी श्रमशक्तीच्या सरकारी पाहणीसाठी एक मुलगा टॅब घेऊन आमच्या दारात आला होता. मी आतल्या खोलीत ब्लाउजला हूक लावत होते. सासरे ओट्यावर बसलेले. त्याने विचारले, घरात कोण काय करते? सासरे म्हणाले, “पोरगा गाडीवर आहे, नात शिकतीय, सूनबाई घरीच असतात.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मी घरीच असते हे खरेच आहे, मशीनही घरातच आहे. मुलाने लिहून घेतले आणि पाणी पिऊन गेला. पुढे माझ्या मुलीने या पाहणीची प्रश्नावली शोधून मला वाचून दाखवली. फक्त घरकाम करणाऱ्यांना ९२ हा संकेतांक. घरकामाबरोबर घरापुरते सरपण, चारा, शिवणटिपण करणाऱ्यांना ९३. दोघीही श्रमशक्तीबाहेर. पैसे घेऊन लोकांचे कपडे शिवणारी मी ११ मध्ये, म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्यांत, बसायला हवी होते. आत येऊन मला एक प्रश्न विचारला असता तर बसले असते.

हे मी एकवेळ सोडून दिले असते. पण त्याच वर्षी मी मायक्रोफायनान्सचे, म्हणजे बायकांच्या गटातून मिळणारे छोटे, दुसरे कर्ज घेतले आणि तिथे माझी नोंद अगदी उलटी झाली.

कर्ज ४० हजारांचे, व्याज २४ टक्के, मुदत दोन वर्षे. प्रोसेसिंग आणि विमा कापून हातात आले ३८,९०० रुपये. महिन्याचा हप्ता २,११५. आमच्याकडे याआधीच दुसऱ्या कंपनीचा ३,१०० रुपयांचा आणि मोटरसायकलचा २,३०० रुपयांचा हप्ता चालू होता. सगळे मिळून ७,५१५. आता मिळकत सांगते. दिवाळी आणि लग्नसराई धरून वर्षाची सरासरी काढली तर शिलाईचे महिन्याला साडेतीन हजार पडतात. मिस्टर दुसऱ्याच्या पिकअपवर चालक आहेत, त्यांचे नऊ हजार. बेरीज साडेबारा हजार.

रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून मायक्रोफायनान्सला नवे नियम लावले आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबालाच हे विनातारण कर्ज मिळते आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. साडेबारा हजारांचे निम्मे सव्वासहा हजार. म्हणजे हे कर्ज मला मिळायलाच नको होते.

मिळाले ते कसे, हे सही करताना टॅबच्या पडद्यावर दिसले. कुटुंबाचे मासिक उत्पन्न २२,००० रुपये. त्यात शिलाईचे नऊ हजार, मिस्टरांचे तेरा हजार. मी विचारले तर कर्ज घेऊन येणारा पोरगा म्हणाला, “ताई, यापेक्षा कमी टाकलं तर सिस्टीम घेतच नाही.” तोही नोकरीला बांधलेला, त्याच्या डोक्यावर महिन्याचे टार्गेट. मुलीच्या डिप्लोमाची फी भरायची शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती. मी गप्प बसले आणि सही केली.

हा आकडा मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. महिन्याचे २५ हजार झाले असते तर वर्षाचे तीन लाख होऊन आम्ही पार काठावर आलो असतो. पंधरा हजारांच्या आत असते तर हप्ते निम्म्याच्या वर गेले असते. बावीस हजार दोन्ही अटींत अलगद बसतात. हप्ता आधी ठरला आणि उत्पन्न त्याच्या मापाने शिवले गेले. आमच्या गटात पाच जणी आहेत. मी चौघींना विचारले. एकीलाही तिच्या नावावर किती उत्पन्न लिहिले आहे हे सांगता आले नाही.

हा निम्म्याचा नियम मोडला जातो याची मला एवढी चिंता का, तर आमच्यासारख्यांसाठी दुसरी भिंत उरलेलीच नाही. सावकाराने किती व्याज घ्यावे हे महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली राज्य सरकार ठरवते. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. आणि त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी या कर्जांच्या व्याजावरची आधीची मर्यादाही काढली. व्याज अवाजवी नसावे एवढेच आता सांगितले आहे. मग ज्या एका आकड्यावर सगळे संरक्षण उभे आहे, तो आकडा दारात उभ्या उभ्या भरला जातो आणि बाईला दाखवलाही जात नाही, हे कसे चालेल?

तक्रार करा, असे कुणी म्हणेल. आधी कंपनीकडे करायची, तीस दिवसांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे पडत नाहीत, १४४४८ हा नंबर आहे. चांगली सोय आहे. वसुलीच्या त्रासासाठी ती प्रत्येक बाईला माहीत असावी, कारण सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचे नाहीत हा नियमही आमच्या गल्लीत कुणी पाळत नाही. पण उत्पन्न खोटे लिहिले अशी तक्रार मी कोणत्या तोंडाने करू? खाली सही माझी आहे.

आणखी एक भीती आहे. मला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. आमचे खरे उत्पन्न दीड लाख. कर्जाच्या कागदावरचे दोन लाख चौसष्ट हजार. कंपन्यांनी कौटुंबिक उत्पन्नाची माहिती क्रेडिट कंपन्यांना, म्हणजे कुणावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्यांना, कळवलीच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे तो आकडा माझ्या नावाने कुठेतरी साठवलेला आहे. उद्या पात्रतेच्या पडताळणीत तो कुणी पुढे केला तर मी काय सांगणार?

आमच्याच गटातल्या माझ्या जावेचे सांगते. गेल्या श्रावणात तिचे दोन हप्ते चुकले. गटाचे कर्ज असल्याने ते आम्ही चौघींनी मिळून भरले. दोघी तिच्या दारात जाऊन बसल्या, बोलू नये ते बोलल्या, आणि त्यातली एक मी होते. फेब्रुवारीपासून ती बेदाण्याच्या शेडवर जायला लागली. गुडघे धरलेले असताना दिवसभर खाली बसून बेदाणा निवडते. जानेवारी २०२५ पासून श्रमशक्तीचे आकडे दर महिन्याला येतात आणि मागच्या सात दिवसांत एका दिवशी तासभर जरी काम केले तरी माणूस कामकरी धरला जातो. मार्चमध्ये कुणी पाहणीला आले असते तर जाऊ वाढलेल्या टक्क्यात मोजली गेली असती. ती शेडवर गेली ती संधी चालून आली म्हणून नव्हे, गट दारात येऊन बसू नये म्हणून. वाढलेल्या टक्क्यात अशा किती जणी आहेत, हे अर्थ खात्याने आणि सांख्यिकी खात्याने एकत्र बसून शोधावे, असे मला मनापासून वाटते. आज एकीकडे हप्त्यांची नोंद आहे, दुसरीकडे कामाची, आणि दोन्हींत बाई एकच आहे.

माझ्या मागण्या दोनच आहेत. प्रत्येक कर्जदाराला मिळणाऱ्या कार्डावर व्याज, हप्ता, तक्रारीचा नंबर हे सगळे कर्जदाराला समजेल अशा भाषेत छापायचे असते. त्याच कार्डावर नोंदलेले कौटुंबिक उत्पन्न आणि घरातल्या एकूण हप्त्यांची बेरीज ठळक छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक करावे. कार्ड घरात भिंतीला लटकते, नवरा वाचतो, मुलगी वाचते. बावीस हजार तिथे छापले असते तर मिस्टरांनी त्याच रात्री विचारले असते, हे कुणाचे उत्पन्न?

दुसरी मागणी पाहणी करणाऱ्यांकडे. घरातल्या बाईचे काम बाईलाच विचारा. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला ते करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ८८, असे सरकारनेच नोंदवले आहे. त्यातून उरलेल्या वेळात मी मशीन चालवते. ओट्यावरून ते दिसत नाही.

सोमवारी आमच्या कर्जगटांच्या सेंटरची मीटिंग आहे. आम्ही पाचही जणी आमच्या नावावर लिहिलेले उत्पन्न लेखी मागणार आहोत. अर्जाचा कागद मुलीने तयार करून दिला आहे.

आपली एक वाचक,
तासगाव तालुका, जि. सांगली