बोलोन्याच्या ताईंना, आईच्या सत्तरीबद्दल

ताई,

व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू टाकून झालं, हात जोडलेले इमोजी पण पाठवून झाले, तरी आई रोज फोनवर विचारते "त्यांना नीट पत्र लिहिलंस का गं?" तर हे नीट पत्र. चारचौघात लिहितेय कारण मी केलेला मूर्खपणा पण चारचौघात कबूल करायचाय. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, नाहीतर इटलीला निघालेला प्रत्येक मराठी माणूस उद्यापासून तुम्हालाच फोन करेल.

तुमचा नंबर मला मैत्रिणीच्या जावेकडून मिळालेला, आणि मी काय विचारलं तर "बोलोन्याला ट्रेन बदलायचीय, स्टेशनवर लिफ्ट आहे का?" एवढंच. कारण माझा प्लॅन ठरलेला होता. आई दिवाळीला आमच्याकडे म्युनिकला आलेली, तिला सत्तरावं लागणार होतं, तर तीन रात्रींत व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. एक्सेल शीट होती माझी, रंगीत. ती तुम्हाला पाठवली आणि दहा मिनिटांनी तुमची व्हॉइस नोट आली, मी अजून जपून ठेवलीय: "अगं, आईंना तीन शहरं दाखवणारेस का तीन स्टेशनं? त्यांचे गुडघे कसे आहेत? आणि त्यांना विचारलंस का काय बघायचंय ते?"

नव्हतं विचारलं. खरं सांगते, डोक्यातच आलं नव्हतं. सरप्राइज होतं ना.

मग विचारलं, तर आई म्हणाली "मला एका जागी बसायला आवडेल आणि कुणीतरी मराठीत बोलणारं असलं तर बरं." झालं, शीट गेली कचऱ्यात. तुम्ही म्हणालात म्युनिकहून थेट गाडी आहे, सकाळी बसा आणि दुपारी इथे उतरा, बोलोन्यातच रहा. आम्ही बसलो. ब्रेनरच्या डोंगरातून गाडी जात असताना आईने खिडकीतून सगळं बघून निकाल दिला की खंबाटकीत वळणं जास्त आहेत.

बोलोन्याबद्दल मला तोवर एवढंच माहीत होतं की तिथलं ते मांसाचं सॉस प्रसिद्ध आहे, म्हणजे आमच्या काहीच उपयोगाचं नाही. तुम्ही सांगितलेल्या कमानींचं महत्त्व मला पहिल्या संध्याकाळी पावसात कळलं. स्टेशनपासून हॉटेलपर्यंत आलो, छत्री उघडलीच नाही! शहरभर फुटपाथवर छप्पर, सगळे मिळून ६२ किलोमीटरचे पोर्टिको, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत पण आले. तुम्ही चालता चालता आईला सांगत होतात की विद्यापीठामुळे गावात गर्दी वाढली तशी लोकांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या, खाली खांबांचा टेकू दिला, आणि १२८८ मध्ये गावाने नियमच केला की नवीन घर बांधायचं तर पोर्टिको पाहिजेच. जागा घरमालकाची, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. आई लगेच म्हणाली "म्हणजे अख्ख्या गावाची एकच ओसरी." आणि खांबाला टेकून थांबली. तुम्ही पण थांबलात. मी आपली पुढे वीस पावलं जाऊन घड्याळ बघत उभी, मग मलाच लाज वाटली.

खाण्याचं तुम्ही केलंत ते तर कुठल्याच टूर कंपनीने केलं नसतं. मी समजत होते व्हेज म्हणजे चीज पास्ता, विषय संपला. तुम्ही सांगितलंत की पार्मेझान चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ती तळलेली फुगलेली पुरीसारखी क्रेशेंतिना दिसते निरागस पण त्यात डुकराची चरबी असू शकते, आणि तोर्तेलिनी तर आत मांस आणि बाहेर मांसाचं पाणी. आणि मग इटालियनमध्ये एक चिठ्ठी लिहून आईच्या पर्समध्ये ठेवलीत. ती चिठ्ठी वेटर वाचायचा, आईकडे बघायचा, आत जाऊन कुणाला तरी विचारून यायचा आणि मग काहीतरी छान घेऊन यायचा. एकदा पोलेंता आला वर मशरूम घालून, आईने एक घास घेतला, म्हणाली "मक्याची उकड आहे ही, मिरची घालायला विसरलेत." चिठ्ठी आता साताऱ्याला तिच्या पोथीत आहे.

आता सूर्याची गोष्ट, कारण खरे आभार त्याचेच.

आईने ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला हे मी तुम्हाला बोलता बोलता सांगितलेलं. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. मी तिची मुलगी, मी तिला फ्लॉरेन्सला चित्रांच्या रांगेत उभी करणार होते, आणि तुम्ही तिला सान पेत्रोनिओमध्ये घेऊन गेलात, ते अर्धं संगमरवरी आणि अर्धं नुसत्या विटांचं राहिलेलं चर्च. आत जमिनीवर ६७ मीटर लांब पितळी पट्टी, वर छतात २७ मीटरवर एक छोटंसं भोक. १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने आखलेली. (हो, शनीच्या कड्यांमधली फट ज्याच्या नावाने ओळखतात तोच, हे आईने मला सांगितलं, मी नाही.) दुपारी सूर्य बरोबर मध्यावर आला की त्या भोकातून पडलेला उजेडाचा ठिपका पट्टीवर येतो, उन्हाळ्यात एका टोकाला, हिवाळ्यात दुसऱ्या. त्यावरून संपाताचा, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस तपासायचा आणि कॅलेंडर बरोबर चाललंय का बघायचं.

पहिल्या दिवशी ढग. काही नाही दिसलं. आम्ही तिघी बाकावर बसलो, मी मनात म्हटलं गेला दिवस. पण त्या तासात तुम्ही आणि आईने जे काही बोलून घेतलंत! आपल्याकडे पुण्या-साताऱ्याला सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, सावली गायब होते, आणि इथे कधीच नाही. बाहेर पडल्यावर चौकातल्या पालाझ्झोच्या, म्हणजे जुन्या वाड्याच्या, दारावरचा तो पोपचा पुतळा तुम्ही दाखवलात, तेरावा ग्रेगरी, याच गावचा, ज्याच्या कॅलेंडरमध्ये १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. आई इतकी हसली. कारण तिचा जन्म त्रिपुरी पौर्णिमेचा, आणि पासपोर्टवर १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेला. म्हणाली "या पोपने दहा दिवस उडवले, आमच्या गुरुजींनी पाच महिने."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, ऊन. इकडे हिवाळ्यासाठी घड्याळं आधीच एक तास मागे गेलेली त्यामुळे बाराला दोनेक मिनिटं कमी असतानाच मोठ्या परातीएवढा लांबट उजेड फरशीवरून सरकत सरकत आला, सरकताना चक्क दिसत होता, आणि पट्टीवर चढला. आईने चप्पल काढली. चर्चमध्ये कुणी चप्पल काढत नाही, मी तिला म्हणणार होते, तुम्ही माझा हात धरलात. दोन-तीन मिनिटांत तो पलीकडे निघून गेला. आई म्हणाली "पृथ्वी फिरते हे इतकी वर्षं फळ्यावर सांगितलं, आज बघितलं." तुम्ही काही बोलला नाहीत. थँक्यू त्याबद्दल पण.

बाकी गोष्टी भराभर: गारिसेंदा नावाचा कललेला मनोरा कुंपणाबाहेरून बघितला, २०२३ पासून त्याच्या जवळ जायला बंदी आहे. टेकडीवरच्या सान लुका चर्चपर्यंतच्या ६६६ कमानी चढायचा हट्ट मी सोडला, टॅक्सीने वर आणि टॅक्सीनेच खाली, तुम्ही बजावल्याप्रमाणे, कारण गुडघ्यांना उतारच जास्त छळतो. आणि लॉरा बास्सी! १७३२ मध्ये विद्यापीठात प्राध्यापक झालेली बाई, पण बाई म्हणून वर्गात शिकवायला फारसं मिळेना, तर घरीच शिकवायची. आईचा शेरा: "म्हणजे हिनेही शिकवण्याच घेतल्या."

संध्याकाळी तुमच्या घरी गेलो तेव्हा मला वाटलं चहा पिऊन निघू. तर तुम्ही कणीक मळून ठेवलेली. सत्तर दिवे कुठे लावणार, दहा वर्षांना एक असे सात, आणि आईने बॅगेतून त्रिपुरवात काढली. साताऱ्याहून आणलेली, ७५० पदरांची, मला न सांगता! म्हणजे कुठेही असली तरी ती लावणारच होती, माझ्या प्लॅनप्रमाणे रोमच्या हॉटेलात लावली असती आणि फायर अलार्म वाजला असता. तुम्ही कढईत ठेवून बाल्कनीत लावू दिलीत, समोरच्या बाल्कनीतल्या आजी बघत होत्या, त्यांना तुम्ही ओरडून काहीतरी सांगितलंत आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग औक्षण, वरणभात, तूप, लिंबू. आई दोनदा भात घेते हे मी किती वर्षांनी बघितलं.

निघायच्या दिवशी चौकातल्या पोदेस्ता वाड्याच्या कमानीखालचे ते कुजबुजीचे कोपरे. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोललं की तिरप्या समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं, आपल्या विजापूरच्या गोल घुमटाचं लहान भावंडच. मी उभी राहिले तेव्हा आईने भिंतीतून विचारलं "म्युनिकच्या घरचा गॅस बंद केलायस ना?" मग तुमचा नंबर लागला, आणि ती तुमच्याशी बराच वेळ बोलली. काय बोलली ते ती सांगत नाही. तुम्हाला विचारलं तर तुम्ही पण "ते आमच्यातलं आहे" म्हणालात. असू दे.

एकच राहिलं. गाडीत खायला तुम्ही लाडू दिलेत ती स्टीलची वाटी माझ्याकडेच आहे. मी पोस्टाने पाठवणार होते तर आई म्हणाली रिकामी वाटी परत करायची नसते, आणि पोस्टाने तर नाहीच. तिचा व्हिसा पुन्हा लागला की मे महिन्यात घेऊन येतोय, उन्हाळ्यात तो ठिपका पट्टीच्या दुसऱ्या टोकाला किती लहान पडतो ते तिला मोजायचंय. वाटीत काय हवं तेवढं कळवा.