पुराच्या खुणा पुसण्याआधी त्यांची मोजणी व्हावी

माननीय संपादक,

सप्टेंबर 2025 मधील पूर ओसरल्यानंतर मराठवाड्यात गावोगावी पंचनामे झाले. किती हेक्टर सोयाबीन पाण्याखाली गेले, किती जमीन खरडून गेली, किती जनावरे दगावली, याची नोंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु पाणी नेमके कुठवर चढले आणि किती तास थांबले, हे निदान आमच्या गावात तरी कोणी लिहून घेतले नाही. पुढच्या पुराचा धोका ठरवायचा तर तीच नोंद सर्वांत मोलाची आहे.

आमचे गाव पूर्णा नदीच्या काठी, गोदावरीच्या संगमापासून थोडे वर आहे. गोदावरी दुथडी भरून वाहू लागली की पूर्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते तुंबते आणि ओढ्यानाल्यांतून उलटे गावाकडे शिरते. हा फुगवटा गावात पावसाचा थेंब नसतानाही येतो. माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ सिंदफणा गोदावरीला मिळते, तिथल्या गावांना हे वेगळे सांगायला नको. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, पण आमचा धोका आमच्या मंडळातील पर्जन्यमापकावर दिसतच नाही.

राज्यात पूररेषा आखण्याचे नियम आहेत. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. या शब्दांमुळे मोठा गैरसमज होतो. एकदा पूर येऊन गेला की आता 25 वर्षे निश्चिंत, असे अनेक जण समजतात. प्रत्यक्षात निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी 4 टक्के असते आणि 25 वर्षांत ते एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के भरते. शहरांच्या विकास आराखड्यांत या रेषा दिसतात. आमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात मात्र तसा नकाशाच नाही, आणि घरकुलांसाठी जागा निवडताना नदीची पातळी कोणी विचारत नाही.

इशारेही आम्हाला कळतील अशा भाषेत हवेत. जायकवाडीचे दरवाजे उघडले की मोबाईलवर क्युसेकचा आकडा येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, हे ठाऊक असले तरी त्या आकड्याला पाणी मारुतीच्या पारापर्यंत येईल की शाळेच्या पायरीपर्यंत, हे कोण सांगणार? नांदेडच्या जुन्या पुलाजवळ 351 मीटर ही इशारा पातळी आणि 354 मीटर ही धोका पातळी ठरलेली आहे. तशी पातळी आमच्या पुलाच्या खांबावरही रंगवता येईल. त्याला फार खर्च येत नाही.

आमच्या शाळेच्या भिंतीवर गाळाची एक सरळ रेघ अजून आहे. ती तिसरीच्या वर्गात फळ्याच्या खालच्या कडेला लागते. गावातील वयस्कर मंडळी 2006 च्या पुराची जागाही बोटाने दाखवतात, पण ती फक्त त्यांच्या स्मरणात आहे आणि सांगणारे कमी होत चालले आहेत. जलसंपदा व महसूल विभागांनी एकत्र येऊन अशा खुणांची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजावी, पंचनाम्याच्या नमुन्यात पाण्याची उंची आणि अवधी हे दोन रकाने घालावेत, आणि जुन्या माणसांचे जबाब नोंदवावेत, ही आमची कळकळीची मागणी आहे. हे काम तलाठी, ग्रामसेवक आणि गावातील चार तरुण मिळून दोन दिवसांत करू शकतील.

येत्या उन्हाळी सुट्टीत शाळेची रंगरंगोटी होणार आहे. त्याआधी मोजणीसाठी कोणी आले, तर रेघ दाखवायला आम्ही ग्रामस्थ हजर राहू.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक, ता. पूर्णा, जि. परभणी