बॅरनच्या प्रवाळांसाठी मालवणचा अनुभव पुरेसा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवण-तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आलेली कोल्हापुरातील हौशी मंडळी आता अंदमानातील बॅरन बेटाजवळच्या स्कुबा डायव्हिंगचे बेत आखू लागली आहेत. हौसेला माझा विरोध नाही. बॅरन हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी असून तो प्रदीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये पुन्हा धुमसू लागला. बेटावर उतरण्यास मनाई असली, तरी काळ्या बेसाल्टवर वाढलेली प्रवाळे आणि मांटा रे हे मोठे, पसरट मासे पाहण्यासाठी पाणबुडे मुद्दाम तेथवर जातात. निवालेला लाव्हा प्रवाळांच्या अळ्यांना रुजायला चांगला आधार देतो. इंडोनेशियातील बांदा बेटांवर १९८८ च्या उद्रेकातील लाव्हावर अवघ्या पाच वर्षांत प्रवाळांच्या शंभराहून अधिक जाती आढळल्या होत्या.

मात्र मालवणच्या उथळ पाण्यात प्रशिक्षक पर्यटकाचे सिलिंडर मागून धरून ठेवतो, तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधील हवाही तोच कमी-जास्त करतो. पर्यटकाने तोंडाने श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवायचा, एवढेच काम उरते. बॅरनचा सुमारे साडेतीनशे मीटर उंच दिसणारा डोंगर दोन हजार मीटरहून खोल समुद्रतळापासून वर आलेला असल्याने त्याचा उतार काठापासूनच झपाट्याने खोल जातो. खाली जाताना वाढत्या दाबाने सूट आणि जॅकेटमधील हवा आक्रसते, तरंगण्याचा आधार घटतो आणि माणूस अधिकच वेगाने खाली जाऊ लागतो. हे ज्याला सावरता येत नाही, त्याला तेथे पाय टेकायला तळ मिळत नाही, आणि घाबरून त्याने प्रवाळाला हात घातला तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते.

विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या कोल्हापूरकराची अडचण तर वेगळीच आहे. बुडी मारून दम धरण्याचे आपल्याकडे भारी कौतुक. पण स्कुबात तीच सवय जिवावर बेतू शकते. दहा मीटर खोलीवर सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून वर आल्यास छातीतील हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा होते.

म्हणून सहल आयोजकांनी ‘पोहता येत नसले तरी चालेल’ ही मालवणची जाहिरात बॅरनच्या सहलींना लावू नये आणि रीतसर प्रमाणपत्र व त्यानंतरच्या सरावाच्या नोंदी पाहिल्याशिवाय कोणाचीही नोंदणी करू नये. शहरातील एखाद्या जलतरण तलावात पात्र प्रशिक्षकांकडून पाण्याखाली तोल सांभाळण्याचे वर्ग उन्हाळी शिबिरांबरोबरच सुरू करता येतील. संबंधितांनी यंदा त्याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर