हरिणी वेळ मागतात

नाशिक,
कोजागरीनंतरचा रविवार

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर प्रश्न तू मला विचारलास आणि उत्तर आईने दिलं. "हरिणीला मारायचं? तेही पिल्लू मागे असताना? हे शिकायला गेलीस का तिकडे?" एवढ्यावर फोन आटोपला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मला याच घरात राहायचंय. पण तुझा प्रश्न त्याहून अवघड होता. तुमच्या मोंटानातल्या लॅबमधल्या मैत्रिणीकडे मादी एल्कच्या शिकारीचा परवाना आहे. बंदूक तिची, दुर्बीण तुझ्या हातात, मांस निम्मं-निम्मं. तर जावं का, आणि मादीसोबत पाडस दिसलं तर मैत्रिणीला काय सांगावं? सगळी नोकरी गुराढोरांत गेलेल्या बापाला हे विचारलंस ते बरं केलंस. फोनवर मावणारं नव्हतं म्हणून लिहितोय.

आधी महिने मोजू, कारण सगळं त्यावर अडलंय. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगाने दांडगा. मादीच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. माज सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. गाभणकाळ आठ-साडेआठ महिन्यांचा, म्हणजे वीण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. पाडस पंधराएक किलोचं, अंगावर ठिपके. पहिले काही दिवस आई त्याला झुडपात लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. आपल्याकडे ममदापूर-राजापूरची काळविटं हेच करतात. येवल्याला असताना लोक असं पाडस 'बेवारस सापडलं' म्हणून उचलून दवाखान्यात आणायचे. मान जमिनीला टेकलेली, कान पाठीला चिकटवलेले, डोळे मात्र टक्क उघडे. हलत नाही म्हणजे आजारी आहे असा समज. मी अंग चाचपायचो, तोंडात बोट घालून बघायचो, चोखायला लागलं की जिथून उचललं तिथेच ठेवून यायला पिटाळायचो. आई तिथेच कुठेतरी माणसं हटायची वाट बघत असते. निफाडकडे उसात बिबट्याचे बछडे सापडतात तेव्हा वनखात्याची माणसंही हेच करतात. त्याच शेतात क्रेट ठेवायचा, कॅमेरा लावायचा आणि मादी येऊन घेऊन जाईपर्यंत लांब राहायचं.

रवंथ करणाऱ्या जनावराचं पिल्लू सुरुवातीला नुसतं दूधपितं असतं. दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं. पहिला मोठा कप्पा चाऱ्याने आणि त्यातल्या जंतूंनी हळूहळू तयार होतो. हरणांत दोनेक महिन्यांत तो कामाला लागतो. तुमच्याकडे बंदुकीचा मुख्य हंगाम ऑक्टोबरअखेर सुरू होतो, तेव्हा पाडस साडेचार-पाच महिन्यांचं असतं, ठिपके गेलेले, वजन शंभर किलोच्या घरात. आईचं दूधही आटत आलेलं. त्यामुळे 'आता ते गवतावर जगतं' असं तिथले शिकारी म्हणतात ते खरंच आहे. थाप नाही ती.

पण अर्धंच खरं आहे. स्कॉटलंडच्या रम बेटावर तांबड्या हरणांचा, म्हणजे एल्कच्या अगदी जवळच्या नातलगांचा, एकेक जनावर ओळखून कित्येक दशकं अभ्यास चाललाय. दूध तुटल्यानंतर ज्यांची आई गेली, त्या पिल्लांमध्येही मरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि नर पिल्लांत तो परिणाम पुढे कित्येक वर्षं टिकला. मला यात नवल वाटलं नाही. बर्फ पडल्यावर कुठल्या उतारावर गवत उघडं राहतं, कळपातल्या थोराड माद्या ढकलायला लागल्या की कुणाच्या आडोशाला उभं राहायचं, हे दुधातून मिळत नाही. पहिला हिवाळा ते आईच्या मागे चालून काढतं. म्हणजे नोव्हेंबरातलं पोरकं पाडस उपाशी मरत नाही, पण त्याचा हिवाळा जड होतो. तुझी मैत्रीण हे नाकारत असेल तर तिला एवढं नक्की सांग.

'मग नरच मारा ना' असं तुझा मामा लगेच म्हणाला. ऐकायला बरं वाटतं. पण एक नर एका हंगामात अनेक माद्या फळवतो, त्यामुळे निम्मे नर मारले तरी पुढच्या जूनमध्ये पाडसं जवळजवळ तितकीच. संख्या आवरायची तर माद्यांनाच हात लावावा लागतो. आणि संख्या आवरायची वेळ का आली? एल्क खाणारे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले लांडगे माणसाने 1926 पर्यंत संपवले, पुन्हा आणून सोडले ते 1995 मध्ये. ज्या खोऱ्यांत आजही लांडगे फारसे नाहीत, तिथे एल्कचे कळप हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या गंजी फस्त करतात. गंजीचं दुःख मला समजावून सांगायला नको. येवल्याच्या पूर्व भागात हरभरा उगवून आला की काळविटांचा कळप रात्रीतून शेंडे खुडून जातो आणि शेतकरी थंडीत डबा वाजवत शेतात बसतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे त्या काळविटाला कुणी हात लावत नाही. ते योग्यच आहे, त्यांची गवताळ रानं उरलीत किती? मोंटानात गणित वेगळं आहे. म्हणून 'मादी मारणं पाप' हे सरसकट वाक्य मी तिथे नेऊन लावणार नाही.

आता तुमच्या कायद्याकडे येतो. मोंटानात काही जिल्ह्यांमध्ये मुख्य हंगामाच्या आगेमागे जादा हंगाम असतो, बराचसा खाजगी जमिनीवर आणि बिनशिंगी जनावरांसाठी, म्हणजे माद्या आणि पाडसांसाठी. तो 15 ऑगस्टपासून सुरू होऊ शकतो आणि 15 फेब्रुवारीपर्यंत चालू शकतो. ऑगस्टच्या मध्याला जूनचं पाडस अडीच महिन्यांचंही झालेलं नसतं. फेब्रुवारीत मादी पाच महिन्यांची गाभण. दोन्ही कायदेशीर. परवाना खिशात आहे म्हणून दोन्ही ठीक, हे मला मान्य नाही.

याला कारण माझी कत्तलखान्यावरची ड्युटी. तुम्ही लहान होतात, मी घरी त्याबद्दल बोलत नसे. आपल्याकडे 2001 चे कत्तलखान्यांचे नियम आहेत. गाभण जनावर कापायचं नाही, जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं आहे ती कापायची नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू कापायचं नाही, आणि डॉक्टरने तपासल्याशिवाय कुठलंच नाही. शेळी उभी करायची, कास हातात घ्यायची, आंगठा आणि तर्जनीने सड वरून खाली पिळायचा. चिकट, पिवळट थेंब आला तर ती आटलेली. पांढरी धार आली तर बाजूला काढायची, कारण कुठल्या तरी गोठ्यात तिचं करडू ओरडत असतं. मग दोन्ही तळहात पोटाखाली लावून हलकेच वर उचलायचं. गाभणकाळ बराच उलटला असेल तर आतलं काहीतरी कठीण येऊन हाताला टेकतं आणि पुन्हा मागे जातं. व्यापारी म्हणायचे, "डॉक्टर, एवढं काय बघता, शेवटी कापायचीच ना?" कापायचीच आहे हे मलाही ठाऊक होतं. म्हणूनच तर बघायचं.

आणि हे 2001 मध्ये कुणा साहेबाला सुचलेलं नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात हेच आहे. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये, सहा महिन्यांच्या आतली पिल्लंही मारू नयेत. मुदत आपल्या नियमाच्या दुप्पट! आपल्याच मुलखातल्या फासेपारध्यांबद्दल माधव गाडगीळ यांनी नोंदवून ठेवलंय की फाशात गाभण हरिणी किंवा पाडस अडकलं तर ते सोडून देत. इंग्रजांनी ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला ती ही माणसं. शिकारीवर पोट असलेल्याने पाळलेला नियम मला ताटात मटण वाढून घेऊन पाप-पुण्य सांगणाऱ्यांपेक्षा मोठा वाटतो. (आपल्या घरातल्या रविवारच्या काळ्या मसाल्याबद्दल हे नाही. की आहे, ते तू ठरव.)

आईने फोन ठेवल्यावर महाशिवरात्रीची व्याधाची कथा काढली. दर वर्षी कपालेश्वराचं दर्शन झाल्यावर ती वाचते, तीच. बेलाच्या झाडावर बसलेला व्याध, पाण्यावर आलेली हरिणी. मीही ती इतकी वर्षं ऐकतोय, पण या वेळी तुझा प्रश्न डोक्यात होता म्हणून एक गोष्ट नव्याने लक्षात आली. त्यातली गाभण हरिणी 'मला मारू नकोस' एवढ्यावर थांबत नाही. विऊन येते, मग मार, असं म्हणते. पाडसंवाली म्हणते, त्यांना पाजून येते. त्या वेळ मागतात. व्याधाचा धंदा चुकीचा आहे असा वाद एकही घालत नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "पण शेवटी तो सगळ्यांनाच सोडतो, ते नाही दिसलं तुम्हाला?" दिसलं. पण तुझी मैत्रीण व्याधाइतकी पुण्यवान निघेल असं धरून मी सल्ला देऊ शकत नाही.

माझा सल्ला असा. ऑगस्टच्या किंवा जानेवारी-फेब्रुवारीच्या हंगामाला बोलावलं तर जाऊ नकोस. आताच्या हंगामाला जायचं तर जा. या दिवसांत वयात आलेली बहुतेक प्रत्येक मादी नुकतीच फळलेली असणार, महिना-दीड महिन्याची. ते बाहेरून कुणालाच कळत नाही, मलाही शेळीत कळत नसे. तेवढं सोसवत नसेल तर माद्यांच्या शिकारीला न गेलेलंच बरं. पण पाडस डोळ्यांना दिसतं. एल्क कळपात असतात आणि पाडसं एकमेकांत मिसळून चरतात, त्यामुळे एकटी उभी दिसली म्हणजे बिनपाडसाची, असं समजू नका. घाई न करता बसा. कळप उठून चालायला लागला की प्रत्येक पाडस आपापल्या आईच्या कुशीला जातं. जिच्याकडे कुणीच गेलं नाही, ती बघ. पुढे चालणारी, सारखी कान फिरवणारी थोराड मादी मात्र तिच्याकडे कुणी गेलं नाही तरी राहू दे, कळप तिच्या मागे चालतो. खात्री होत नसेल तर 'नाही' म्हण. दुर्बीण तुझ्याकडे आहे, तुझ्या शब्दावर ती चाप ओढणार.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. युरोपातले जुने शिकारी याचं उत्तर वेगळं देतात. जर्मनीत पिल्लू स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत त्याला वाढवणाऱ्या आईला मारणं गुन्हा आहे, आणि तिकडचा रिवाज असा की मादी आणि पाडस दोन्ही समोर असतील तर आधी पाडस मारायचं. ब्रिटनमध्येही तेच शिकवतात. म्हणजे मागे पोरकं कुणी उरत नाही, आणि हिवाळ्यात आधी दगावण्याचा संभव पाडसाचाच असतो. तुमच्या बिनशिंगी परवान्यात पाडसही बसतं. डॉक्टर म्हणून मला यात खोट काढता येत नाही. पण तू फोन करून 'बाबा, आम्ही पाडस मारलं' असं म्हणालीस तर मी काय बोलेन ते मला आज सांगता येत नाही. याचं उत्तर तुझं तू शोध. मैत्रिणीशीही बोल, तिने लहानपणापासून हे पाहिलेलं असणार.

आता कामाचं. अंगात केशरी जाकीट हवं, तिथे ते सक्तीचं आहे. अस्वलाचा स्प्रे बॅगेत नको, कमरेला हवा. जनावर सोलत असताना एकीने पाठ फिरवून रानाकडे बघत राहायचं. मोंटानातल्या रानटी हरणांत 2017 पासून तो सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडतोय. माणसाला झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, पण मानेच्या गाठी तपासायला पाठवा आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवा. शिजवून तो मरत नाही, तेव्हा आईच्या मसाल्यावर भिस्त ठेवू नकोस.

मसाल्याचं पार्सल दिवाळीच्या फराळाबरोबर निघेल. आईचा फोन आला तर 'बाबांनी जा म्हटलं' असं सांगू नकोस. 'बाबांनी लांबलचक पत्र लिहिलंय' एवढंच सांग, ती समजेल.

तुझा,
बाबा