नोंदींच्या फाइलींना समाईक मांडणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावचे शब्द आणि आठवणी हौशी अभ्यासकांनी संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून ठेवाव्यात, असा आग्रह आपल्या पुरवणीतील एका लेखात धरला होता आणि तो मला मनापासून पटला. युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टात टंकलेले माझे जुने लिखाण आज उघडले की नुसती अगम्य चिन्हे दिसतात. साध्या युनिकोड मजकुराला ती भीती नाही. मात्र फाइली वाढू लागल्या की एक वेगळीच अडचण उभी राहते, आणि तिचा उल्लेख त्या लेखात नव्हता.

गेली काही वर्षे मी कराड परिसरातील शेतीचे शब्द गोळा करतो आहे. गावागणिक एक फाइल, आणि त्यात रुमणे, शिवळ, सोंदूर अशा एकेका शब्दाची नोंद. त्यासाठी मी ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या संगणक प्रणालीतील ‘ऑर्ग मोड’ ही नोंदी ठेवण्याची सोय वापरतो. अ‍ॅमस्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये हा ऑर्ग मोड लिहायला घेतला. तो विनामूल्य आहे. फाइलीच्या माथ्यावर लेखकाचे नाव, भाषेचा संकेत, फॉन्ट आणि नोंदीच्या टप्प्यांची नावे अशा ओळी लिहिता येतात. माझे टप्पे होते ‘ऐकले’, ‘पडताळले’ आणि ‘पक्के’. या ओळी मी प्रत्येक नव्या फाइलीत जुन्या फाइलीतून उचलून चिकटवत असे. पुढे ‘विचारणे’ हा आणखी एक टप्पा लागला, तेव्हा तो एकेक फाइल उघडून घालत गेलो. काही फाइली नजरेतून सुटल्या. त्या फाइलींत ‘विचारणे सोंदूर’ असे लिहिल्यावर संगणकाने ‘विचारणे’ हा टप्पा न मानता शीर्षकाचाच भाग मानला, त्यामुळे ती नोंद बाकी कामांच्या यादीत कधी आलीच नाही. माझ्या हे लक्षात येईपर्यंत तो शब्द सांगणारे आजोबा गेले होते.

यावरचा उपाय ऑर्ग मोडमध्ये आधीपासून आहे. सगळ्या समाईक ओळी एका स्वतंत्र फाइलीत ठेवायच्या आणि बाकी प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर ‘सेटअपफाइल’ हा शब्द रोमन लिपीत, आधी हॅश आणि अधिक चिन्ह देऊन लिहायचा व पुढे त्या फाइलीचा पत्ता द्यायचा. मग टप्पा वाढवायचा असो की फॉन्ट बदलायचा असो, दुरुस्ती एकाच जागी करावी लागते. समाईक फाइलीतून फक्त मांडणीच्या ओळी घेतल्या जातात, तिच्यातला इतर मजकूर नोंदींत येत नाही. बदल केला त्या वेळी उघडी असलेली फाइल मात्र तो आपणहून ओळखत नाही. माथ्यावरच्या त्या ओळीवर कर्सर ठेवून, कंट्रोल दाबून सी दोनदा दाबावे लागते. समाईक फाइल नोंदींच्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि कोणाला नोंदी पाठवताना तीही सोबत द्यावी, एवढे पथ्य पाळायला हवे.

मराठीत लिहिणाऱ्यांना याची गरज अधिक आहे. झीलाटेक (XeLaTeX) या पाने जुळवणाऱ्या प्रणालीतून पीडीएफ काढताना देवनागरी फॉन्ट नेमून दिला नसेल, तर पानावरची मराठी अक्षरे गायब होतात आणि विरामचिन्हे, इंग्रजी शब्द तेवढे उरतात. भाषेचा मराठी संकेत दिलेला असेल, तर वेबपानावर मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांना तो मराठीत आहे हे कळते, आणि दृष्टिहीन वाचकासाठी ही फार मोठी सोय आहे. या दोन्ही गोष्टी समाईक फाइलीत एकदाच लिहिल्या की नव्या नोंदकाराला त्या ठाऊक असण्याचीही गरज राहत नाही.

म्हणून विद्यापीठांचे मराठी विभाग आणि बोलींचे शब्द गोळा करणाऱ्या संस्था यांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या स्वयंसेवकांना कोऱ्या फाइली देऊ नयेत. टप्प्यांची ठरलेली नावे, भाषेचा संकेत आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’सारखा मुक्तपणे मिळणारा फॉन्ट नेमलेली एक समाईक फाइल पहिल्याच बैठकीत प्रत्येकाच्या हाती द्यावी, आणि तिच्यात बदल करण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे.

आपला नम्र,
एक वाचक, कराड